जेईईचा अभ्यास आणि सीईटीचा पेपर: एका मुलीच्या तयारीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या भाचीचं, थोरल्या बहिणीच्या मुलीचं आहे. नावं देत नाही. लिहायला तिची आणि तिच्या आईवडिलांची हरकत नाही. गुणांचे आकडे तर तिनंच आपल्या वहीतून काढून दिले. मी अंबाजोगाईत अकरावी-बारावीला गणित शिकवते. २०२५ च्या फेब्रुवारीपासून प्रवेश होईपर्यंत तिच्या तयारीत मी होते. मराठवाड्यात गावोगाव अशी मुलं आहेत: कष्टाळू, दहावीला नव्वदच्या पुढं, आणि बारावी संपता संपता स्वतःला ढ समजायला लागलेली. त्यांच्या घरच्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मुलगी केज तालुक्यातली. सातवीपर्यंत गावातली जिल्हा परिषदेची शाळा, पुढं केजला हायस्कूल, दहावीला ९३ टक्के. दाजींची कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. आक्का अंगणवाडी सेविका. दहावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात मुलीला लातूरला ठेवलं, इंटिग्रेटेडला. कागदोपत्री प्रवेश एका कॉलेजात, शिकवणी सगळी क्लासमध्ये, कॉलेजचं तोंड प्रॅक्टिकलपुरतं. खोलीत चौघी, मेसचा डबा, पहाटे अभ्यासिका, रात्री एक-दीडला झोप. दर रविवारी टेस्ट आणि सोमवारी गुणांची यादी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमानं. आक्का ती यादी खालून वर वाचायची, कारण नाव तिथून लवकर सापडायचं. दोन वर्षं असं चाललं.

बारावीची बोर्डाची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि जेईई मेनच्या, म्हणजे अभियांत्रिकीच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या, पहिल्या सत्राचा निकाल त्याच आठवड्यात आला. ६१ पर्सेंटाइल. दाजींचा मला फोन आला तेव्हा ते खुशीत होते. "एकसष्ट पडले की, फर्स्ट क्लास झाला." अर्ध्या तासानं पुन्हा फोन. मधल्या वेळात क्लासच्या सरांशी बोलणं झालं होतं आणि दाजींचा आवाज पार उतरला होता. "सर म्हणतेत, यंदा काई खरं नाही. रिपीटला घाला. फी लाखाच्या पुढं हाय." रिपीट म्हणजे आणखी एक वर्ष क्लास.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे शिकलेल्या घरांतही नीट ठाऊक नसतं, तेव्हा दाजींना मी ते कागदावर मांडून दाखवलं. आपल्याएवढे किंवा आपल्यापेक्षा कमी गुण पडलेली मुलं शंभरात किती, एवढंच तो आकडा सांगतो. त्या सत्राला देशभरातून साडेबारा लाखांवर मुलं बसली होती. ६१ पर्सेंटाइल म्हणजे त्यातली जवळपास पाच लाख मुलं हिच्या पुढं. पेपरात तिला गुण किती पडले, तिला काय येतं आणि काय येत नाही, यातलं काहीच त्या आकड्यातून कळत नाही. तरी घरात त्या आकड्यावर सगळं ठरायला निघालं होतं.

मी दाजींना एकच विचारलं: पोरीला घालायचं कुठं ठरवलंय? त्यांनी नावं घेतली. नांदेडचं गुरु गोविंदसिंगजी, संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, जमलंच तर पुण्याचं सीओईपी. ही तिन्ही कॉलेजं राज्याच्या कॅपमधली, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतली आहेत, आणि महाराष्ट्रातल्या मुलांची तिथली गुणवत्ता यादी लागते ती राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर. जेईई मेन लागते ती आयआयटीच्या पुढच्या परीक्षेला, नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थांना आणि राज्यातल्या थोड्याशा अखिल भारतीय जागांना. म्हणजे घरात ज्या कॉलेजांची नावं दोन वर्षं निघत होती, त्यांची परीक्षा वेगळी होती आणि मुलीची तयारी वेगळ्याच परीक्षेची झाली होती. सीईटीचा फॉर्म क्लासनं भरून घेतला होता, पण "सीईटी काय, जेईई करणाऱ्याला ती आपोआप येते" असं सांगून. हे वाक्य लातुरात, नांदेडात, संभाजीनगरात मी इतक्यांदा ऐकलंय! पहिल्या बाकावरच्या दहा मुलांपुरतं ते खरं असेलही. मधल्या बाकांवरच्या मुलांचं त्यानं नुकसान होतं, आणि ते कसं होतं हे या प्रकरणात अगदी उघडं पडलं.

दोन्ही परीक्षांची मोजमापं शेजारी ठेवा. जेईई मेनला ७५ प्रश्न, १८० मिनिटं. एका प्रश्नाला १४४ सेकंद. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. सीईटीला १५० प्रश्न, वेळ तितकाच, पण दोन भागांत. पहिल्या ९० मिनिटांत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न, म्हणजे प्रत्येकी ५४ सेकंद. नंतरच्या ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी १०८ सेकंद. गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, बाकीच्यांना एकेक. एकूण २००, त्यातले निम्मे एकट्या गणिताचे. पहिला भाग लवकर आटोपला तरी उरलेला वेळ गणिताला मिळत नाही. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्नांपैकी साधारण २० टक्के अकरावीच्या नेमून दिलेल्या धड्यांवर, ८० टक्के बारावीवर, आणि पाया राज्य मंडळाच्या पुस्तकाचा.

अभ्यासक्रमातही भोकं निघाली. गणितातलं मॅथेमॅटिकल लॉजिक आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात आहे आणि सीईटीत विचारलं जातं. जेईई मेनला ते नाही. २०२४ पासून जेईई मेनच्या रसायनशास्त्रातून सॉलिड स्टेट, पॉलिमर, पृष्ठभाग रसायन असे धडे वगळले गेले. राज्याच्या पुस्तकात ते जागच्या जागी आहेत, वर ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्रीचा धडा आहे. क्लासनं हे सगळं "बोर्डाच्या वेळी वाचून घ्या" म्हणून सोडलं होतं. मुलीची पुस्तकं पाहिली तर त्या धड्यांची पानं कोरी करकरीत होती. आणि हे धडे राज्याच्या पुस्तकातल्या सोप्यातल्या सोप्या धड्यांत मोडतात. लॉजिकचा प्रश्न ज्याला येतो त्याचा तो अर्ध्या मिनिटात सुटतो.

बोर्डाच्या परीक्षेत मी फारसा हात घातला नाही. दोन पेपरांच्या मधल्या दिवसांत तिनं पुस्तक ओळीनं वाचायचं आणि धड्याच्या शेवटी असलेले योग्य पर्याय निवडण्याचे प्रश्न सोडवायचे, एवढंच ठरलं. ते बोर्डालाही कामी येतं आणि सीईटीलाही.

पहिला सराव पेपर

मार्चच्या उत्तरार्धात बोर्ड संपलं आणि ती आमच्याकडं राहायला आली. आमच्या कॉलेजच्या संगणक कक्षात बसवून तिला सीईटीचा पूर्ण सराव पेपर दिला. दोन वर्षांत तिनं रविवारच्या जेवढ्या टेस्ट दिल्या त्या सगळ्या कागदावर, गोळे काळे करून. पडद्यावर पूर्ण पेपर तिनं एकदाच दिला होता, तो थेट जेईईच्या केंद्रावर.

भौतिकशास्त्र २१, रसायनशास्त्र २४, गणितात १५ प्रश्न बरोबर म्हणजे ३०. एकूण २०० पैकी ७५. आकडा पाहून तिचे डोळे भरून आले. "मावशी, मला येतच नाही गं काही."

गुण बाजूला ठेवून आम्ही पेपर घेऊन बसलो. हेच काम दोन वर्षांत कुणी केलं नव्हतं. टेस्ट झाली की गुण यायचे, यादी लागायची, पुढच्या रविवारी पुढची टेस्ट. लातूर पॅटर्नचं नाव ज्या काळात झालं तेव्हा राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या कॉलेजांतले शिक्षक कॉलेजातच जादा तास घेत, सराव परीक्षा घेत. माझ्या मते त्या पद्धतीचा जीव परीक्षेनंतरच्या तासात होता. आता परीक्षा तेवढ्या राहिल्या आणि तो तास बहुतेक ठिकाणी गेला. मोठ्या बॅचमध्ये तो शक्यही नसतो. मग तो घरी, नाहीतर ओळखीच्या एखाद्या शिक्षकाकडं झाला पाहिजे.

वहीत तीन रकाने आखले: कोरा सोडला, चुकला, बरोबर आला पण वेळ फार गेला. प्रत्येक प्रश्नापुढं कारण तिनं स्वतःच्या शब्दांत लिहायचं. "सिली मिस्टेक" हे कारण मी चालू दिलं नाही, त्यातून काहीच हाती लागत नाही. "वजा चिन्ह कंसाच्या आत नेलं नाही" असं लिहायचं.

एकंदर ४३ प्रश्न कोरे निघाले: भौतिकशास्त्राचे ११, रसायनशास्त्राचे ९, गणिताचे २३. का सोडले, विचारल्यावर म्हणाली, "सरांनी सांगितलंय, डाऊट असंल तर हात लावायचा नाही." जेईईसाठी ते बरोबरच आहे. तिथं चुकीच्या उत्तराला दंड आहे, आणि दोन वर्षं रविवारी रविवारी ती सवय अंगात मुरवलेली. सीईटीला ती सवय नुकसानच करते. मी हिशेब करून दाखवला: हे ४३ प्रश्न न वाचता नुसते भरून टाकले असते, तर चारात एक या सरासरीनं साडेसोळा गुण आले असते. दोन पर्याय खात्रीनं खोडता आले तर त्याच्या दुप्पट. सोडलेल्या बऱ्याच प्रश्नांत एक-दोन पर्याय तिला खोडता येत होते.

गणिताच्या २३ कोऱ्या प्रश्नांतले शेवटचे १४ तर तिनं पाहिलेच नव्हते. पहिल्या प्रश्नापासून क्रमानं निघाली आणि ३६ वर वेळ संपला. दुसऱ्या दिवशी तेच १४ प्रश्न घड्याळ न लावता दिले. त्यातले आठ सुटले. पेपरात सोळा गुण असे पडून होते, येत असलेले, पण तिथवर ती पोचलीच नव्हती. तिच्या डोक्यातून "येत नाही" हा शब्द पहिल्यांदा हलला तो या आठ प्रश्नांनी. मी समजूत घालून तो हलला नसता.

मग वेळ जातो कुठं? एक प्रश्न जवळून सांगते. निश्चित संकलनाचा होता: शून्य ते पाय भागिले दोन, अंशात साइन, छेदात साइन अधिक कॉस. तिनं अंशाचे दोन तुकडे पाडले, एक भाग छेदासारखा केला, दुसरा छेदाच्या विकलनासारखा, लॉगरिदम आला, सीमा घातल्या, पान भरलं. उत्तर बरोबर: पाय भागिले चार. वेळ साडेचार मिनिटं. याच प्रश्नाला पुस्तकातला एक गुणधर्म आहे: चलाच्या जागी वरची सीमा वजा चल घातलं तरी शून्यापासूनच्या संकलनाची किंमत बदलत नाही. तसं केलं की साइनचा कॉस होतो आणि कॉसचा साइन; मूळ आणि नवं एकत्र केलं की अंश आणि छेद सारखेच, आत नुसता एक उरतो, बेरीज पाय भागिले दोन आणि उत्तर त्याच्या निम्मं. वीस सेकंदांचं काम. गंमत अशी की या गुणधर्माची सिद्धता तिला तोंडपाठ होती. बोर्डाला विचारतात म्हणून केलेली. पण सिद्धतेचा धडा वेगळा आणि "प्रश्न सोडवणं" वेगळं, अशी तिच्या डोक्यात वाटणी झाली होती. प्रश्न दिसला की पेन चालू करायचं, हे तिला कष्टाचं लक्षण वाटायचं. पेन टेकवण्याआधी दहा सेकंद प्रश्नाकडं आणि चारही पर्यायांकडं नुसतं बघायचं, हे तिला फार जड गेलं. आमचा निम्मा महिना यातच गेला म्हटलं तरी चालेल, आणि तो गेला ते बरंच झालं.

गणितातल्या उरलेल्या नऊ कोऱ्या प्रश्नांपैकी पाच लॉजिक आणि लिनिअर प्रोग्रॅमिंगचे होते. रसायनशास्त्रात गेलेल्या २६ गुणांतले नऊ त्याच कोऱ्या पानांच्या धड्यांतले.

चुकलेल्या उत्तरांत एक प्रकार मला नवा होता. पडद्यावरून कागदावर उतरवतानाच आकडा चुकायचा. कागदी टेस्टला ती प्रश्नाच्या शेजारीच आकडेमोड करायची. इथं मान वर, मान खाली, आणि तेवढ्यात २.५ चा ५.२ व्हायचा. कच्च्या कागदावर तिचं लिखाण इतकं विखुरलेलं असायचं की स्वतःची आधीची ओळ तिलाच सापडत नसे.

महिनाभरात काय केलं

आधी झोप. रात्री साडेदहाला दिवा बंद. यावर तिनं माझ्याशी बरंच भांडण केलं. खोलीतल्या मैत्रिणी दोनपर्यंत जागतात हे ती मला रोज ऐकवायची. हॉल तिकीट आलं त्यात सत्र दुपारचं निघालं, दोन ते पाच. दुपारी जेवून आडवं व्हायची सवय, बाहेर एप्रिलचं ऊन. मग सराव पेपरही दुपारी दोनलाच ठेवले. मधेच लाईट जायची, पंखा बंद, संगणक बंद. पुन्हा सुरू करून उरलेला पेपर पुरा करायचा, असा नियम केला.

कोऱ्या पानांचे धडे सर्वांत आधी संपवले. हा निर्णय माझा आणि त्यावर मी ठाम होते. वर्तुळगतीतले किंवा विद्युतचुंबकीय प्रवर्तनातले अवघड प्रश्न दोन वर्षं झाले नाहीत, ते चार आठवड्यांत होणार नाहीत. लॉजिक तीन दिवसांत होतं. घरच्यांना वाटतं, आता शेवटी शेवटी अवघड ते करून घ्यावं. उलट करा. गुण जिथं मोकळे पडलेत तिथं आधी जा. अकरावीच्या गणितातून साधारण दहा प्रश्न म्हणजे वीस गुण येतात. त्यातली सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता तिची बरी होती, तेवढीच पक्की केली.

गणिताच्या पेपरात तीन फेऱ्या ठरल्या. पहिल्या फेरीत पन्नासही प्रश्न बघायचे आणि मिनिटाच्या आत सुटतील तेच सोडवायचे. बाकीच्यांना खूण करून पुढं. दुसऱ्या फेरीत खूण केलेल्यांपैकी वाट दिसते ते. शेवटची पाच मिनिटं फक्त कोरे भरायला. पहिल्या भागात आधी रसायनशास्त्र, साधारण पस्तीस मिनिटांत, मग भौतिकशास्त्र. कच्च्या कागदाच्या घड्या घालून चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनात प्रश्नाचा क्रमांक आणि पडद्यावरून उतरवलेल्या आकड्यांखाली रेघ. रेघ मारताना नजर एकदा परत पडद्यावर जाते. आकडे उलटे होणं दोन आठवड्यांत जवळजवळ थांबलं.

सराव पेपरांची संख्या मी मुद्दाम कमी ठेवली. एक पेपर, मग त्याची पूर्ण चिरफाड, मग त्यात सापडलेल्या दुखण्यावर काम, मगच दुसरा पेपर. बाजारात पन्नास-पन्नास पेपरांचे संच मिळतात आणि मुलं ते अधाशासारखे संपवतात. एक पेपर नीट न वाचता दुसरा सोडवणं म्हणजे घागरीचं भोक न बुजवता पुन्हा पाणी शेंदणं.

एप्रिलच्या सुरुवातीला जेईईचं दुसरं सत्र होतं. माझं मत होतं की जाऊ नये, आठवडा मोडेल. दाजींचं मत, फी भरलीय तर जावं. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "जाते. केंद्राची भीती मोडंल." ती गेली, निकालाची वाट न बघता परत आली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. तिचा अंदाज माझ्यापेक्षा बरोबर ठरला: सीईटीच्या केंद्रावर तपासणी, अंगठ्याचा ठसा, अनोळखी संगणक, यातलं काहीच तिला नवं राहिलं नव्हतं.

घरच्यांचं एक काम होतं आणि ते मला अभ्यासाइतकंच महत्त्वाचं वाटतं. आक्काला मी सांगितलं, रोज फोन कर, पण अभ्यासाचं विचारू नको. आक्कानं ते पाळलं. गावातल्या लग्नाचं सांगायची, अंगणवाडीतल्या एखाद्या पोराचं सांगायची. दाजींना जमेना. "किती झालं गं?" तोंडातून निघायचंच. शेवटी मुलीनंच त्यांना सांगितलं, "दादा, तुम्ही आकडा इचारला की माझं पोट दुखतंय." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. त्यांचा जीव तीळ तीळ तुटत असेल, पण विचारलं नाही. क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधूनही दोघं बाहेर पडले.

निकाल आणि पुढचं

परीक्षेआधीच्या शेवटच्या सराव पेपरात २०० पैकी ११८ आले. सीईटी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, केंद्र लातूरला. बोर्डाचा निकाल ५ मेला लागला, तो चांगला लागला. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला खुल्या गटातून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणितात मिळून ४५ टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के लागतात, ती काळजी तिला नव्हतीच. सीईटीचा निकाल जूनच्या मध्यात. एकूण पर्सेंटाइल ९१ च्या थोडं वर. रसायनशास्त्र त्याहून चांगलं, गणित ९० च्या आसपास, भौतिकशास्त्र ८० च्या आत.

सीईटी रोज वेगवेगळ्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचं पर्सेंटाइल त्या त्या सत्रातल्या मुलांत काढतात. म्हणून जेईईचे ६१ आणि सीईटीचे ९१ यांची वजाबाकी करून "तीस वाढले" असं म्हणता येत नाही. मुलं वेगळी, पेपर वेगळा. गावात मात्र तसंच म्हटलं गेलं आणि मला दोन-चार ठिकाणी ते खोडावं लागलं, कारण लगेच पुढचं वाक्य यायचं: महिन्यात तीस वाढतात तर आमच्याही पोराला धाडतो. ७५ वरून ११८ पर्यंतच्या वाढीत माझा अंदाज असा: मोठा वाटा कोरे न सोडण्याचा आणि शेवटपर्यंत पोचण्याचा, त्याखालोखाल वगळलेल्या धड्यांचा. नवं ज्ञान म्हणाल तर बेताचंच. दोन वर्षांत तिनं जे कष्ट केले होते तेच यात कामी आले. भौतिकशास्त्र कच्चं होतं, ते कच्चंच राहिलं.

मग दाजींनी पुन्हा रिपीटचा विषय काढला. "एवढ्यात एवढं झालं, तर वर्ष दिलं तर सीओईपी होईल." मी त्यांना म्हटलं, वर्ष द्यायचं तर ते कशासाठी, हे आधी लिहून काढू. आजारपणानं पेपर गेला असेल, निम्मा अभ्यासक्रम झालाच नसेल, तर वर्ष देण्यात अर्थ आहे. हिचं दुखणं भौतिकशास्त्राचं आहे, आणि ज्या पद्धतीनं दोन वर्षांत ते बरं झालं नाही त्याच पद्धतीत तिसरं वर्ष घालायला मी तयार नव्हते. मुलीनं स्पष्ट सांगितलं, पुन्हा त्या खोलीत राहायचं नाही. तिथं विषय मिटला.

कॅपच्या यादीवर आम्ही दोन रात्री बसलो. आदल्या वर्षीचे कटऑफ कॉलेजनिहाय, शाखानिहाय, प्रवर्गनिहाय संकेतस्थळावर मिळतात. ते समोर ठेवले. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, म्हणून "बघू लागतंय का" असलं एकही नाव वर टाकलं नाही. दाजींचा ओढा पुण्यातल्या एका खासगी कॉलेजातल्या कॉम्प्युटरकडं. तिथली फी विचारल्यावर मी त्यांना ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय दाखवला: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना कॅपमधून प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. राहण्या-खाण्याचा खर्च वेगळाच. घर ओबीसीतलं, नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध हवं होतं आणि घरातलं जुनं संपलेलं होतं. तहसीलला हेलपाटे सुरू झाले. जात वैधता अकरावीतच करून ठेवली होती म्हणून वाचलो. ज्यांची मुलं आज अकरावीत आहेत त्यांनी हे काम याच वर्षी उरकावं, पुढच्या जूनवर टाकू नये. चांगले गुण असून कागदापायी खुल्या गटात गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

प्रवेश झाला तो यादीतल्या चौथ्या पसंतीला, मराठवाड्यातच, इन्स्ट्रुमेंटेशनला. तिला कॉम्प्युटर हवं होतं. चार-पाच दिवस नाराज होती. पहिल्या सत्रात भौतिकशास्त्राचा पेपर आहे, त्यासाठी आत्ताच एका प्राध्यापकांकडं शंका घेऊन जायला लागली आहे, असं परवा फोनवर सांगत होती.

तिची तीन रकान्यांची वही माझ्याकडं आहे. आमच्या संगणक कक्षात रविवारी दुपारी बारावीच्या मुलांना बसू द्यायला प्राचार्यांनी परवानगी दिली आहे. सध्या नऊ मुलं येतात, त्यात चार मुली. पेपर दोनला सुरू होतो, पाचला संपतो, आणि तपासणीसाठी सगळी पुढच्या रविवारी सकाळी येतात. त्याआधी ज्यानं त्यानं आपला रकाना भरून आणायचा असतो.